फ्लेक्सवरची लेखिका

हिंजवडीच्या आमच्या चौकात मी जेमतेम एक दिवस सुप्रसिद्ध लेखिका होते. तोपर्यंत माझी एक ओळही कुठे छापून आलेली नव्हती.

मी मूळची यवतमाळकडची. शिकायला पुण्यात आले, नोकरीला हिंजवडीत लागले आणि ज्यांच्या शेतांवर आता कंपन्या उभ्या आहेत अशा एका घरात सून म्हणून आले. नवरा कंपन्यांना बस पुरवतो. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिते, इंग्रजीत. त्या कुणी वाचत नाही हे मला माहीत आहे आणि मला पगार देणाऱ्यांनाही. मराठीत मात्र मी स्वतःसाठी लिहायचे, फोनमध्ये, बस सिग्नलला अडकली की. लहान लहान गोष्टी, पान-दीड पानाच्या. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मग चाळिशी ओलांडली आणि एकदम वाटायला लागलं की यातली एक तरी गोष्ट कागदावर यावी. मला न ओळखणाऱ्या कुणीतरी ती वाचावी, निवडावी आणि छापावी. एवढीच हौस होती, पण ती काही केल्या जाईना.

आधी फोनवरच शोधलं. ‘साहित्य पाठवा’ म्हणणारे गट ढिगानं सापडले. रोज सकाळी एक विषय द्यायचे, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी लिहायचं आणि रात्री सगळ्यांनाच बक्षीस. मला तीन महिन्यांत तीन प्रमाणपत्रं मिळाली. तिन्हींवर मोरपीस आणि दौत होती, एकावर तर आडनाव भलत्याच बाईचं होतं. माझी गोष्ट कुणी वाचली असेल असं मला एकदाही वाटलं नाही. मी चिडून सगळ्या गटांतून बाहेर पडले.

शनिवार पेठेत एक जुनं ग्रंथालय आहे, तिथे बाहेरगावची नियतकालिकंही येतात, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं. एका शनिवारी गेले. जिना चढून वर गेल्यावर टेबलामागे ग्रंथपाल बसले होते, साठीच्या पुढचे. मी विचारलं, “मासिकांचे पत्ते मिळतील का?”

“कशाला हवेत?”

“कथा पाठवायचीय.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठलं मासिक वाचता आपण?”

मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

“छान. म्हणजे लोकांनी आपलं वाचायचं, आपण लोकांचं वाचायचं नाही. बसा. टेबल तिकडे आहे, पंखा सुरू आहे. तीन महिने वाचा आणि मग पत्ते मागा.”

मी ताडताड जिना उतरले. स्वतःला कोण समजतो हा माणूस, असं बसस्टॉपपर्यंत पुटपुटत होते. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, कारण ते बरोबर बोलले होते आणि मला रागही त्याचाच आला होता.

त्या टेबलावर वरती चकचकीत अंक असायचे, त्याखाली गेल्या वर्षीचे दिवाळी अंक आणि अगदी तळाशी, एकरंगी मुखपृष्ठाचे, दोन पिना मारलेले बारके अंक. कुठला कोकणातून निघालेला, कुठला खानदेशातून, कुठला माझ्याच माहेराकडून. माझ्या माहेरच्या गावापासून तासाभरावर एक द्वैमासिक निघतं हे मला शनिवार पेठेत बसून कळलं, याची लाज वाटली. प्रत्येक अंकाचा स्वभाव वेगळा. एकाला लांबलचक कथा लागतात. एकात नुसती समीक्षा, वाचून डोकं दुखावं अशी. एकाच्या शेवटच्या पानावर चौकट होती: ‘कविता पाठवू नयेत. दोन वर्षांच्या शिल्लक आहेत.’ मी मोठ्यानं हसले, तर ग्रंथपालांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

मी एक वही केली. कोण किती शब्दांचं घेतं, कोण ईमेल चालवून घेतं, कोण अजून टपालच मागतं, दिवाळीसाठी कुणाकडे कुठल्या महिन्याच्या आत पोचायला हवं. एकच गोष्ट एका वेळी दोघांकडे पाठवायची नाही हा रिवाजही तिथेच कळला. काही जण नकार कळवतच नाहीत. चार महिने शांतता राहिली की आपण समजून घ्यायचं.

आणि मग मला ते त्रैमासिक सापडलं. मराठवाड्यातल्या एका लहान गावातून निघणारं, चौसष्ट पानांचं. त्यात दर अंकात एक सदर असायचं, दीड पानाची गोष्ट. दीड पान! माझं माप. खाली लिहिलं होतं, साहित्य टपालानं पाठवावं, कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, पोच कार्डानं कळवली जाईल. मी तो अंक ग्रंथपालांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला. “यांना पाठवा. हे उत्तर देतात.” जरा थांबून म्हणाले, “उत्तर आवडेलच असं नाही.”

माझ्याकडच्या गोष्टींतली एक मला स्वतःला सगळ्यात आवडायची. ती माझ्या सासूबाईंवर होती. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधी त्या गेल्या. बाहेरच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो आहे, आणि घरात त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. माझे सासरे, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ते तर मुळीच नाही. त्या शेतात राबायच्या, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जायच्या आणि शेवटी आजारी होत्या, एवढंच मला ऐकून ठाऊक होतं. त्या तीन वाक्यांवर मी दीड पान लिहिलं होतं. कुणाला विचारलं नाही. तसंच पाकिटात घालून पोस्टात टाकलं.

बारा-तेरा दिवसांनी कार्ड आलं. मी ऑफिसात होते, ते आबांच्या हातात पडलं.

आबा चौथी शिकलेले. सावकाश, बोट ठेवून वाचतात. कार्डावर छापील मजकूर होता: आपले साहित्य मिळाले, आम्ही आभारी आहोत, निर्णय तीन महिन्यांत कळवू. सगळ्या लेखकांना हेच कार्ड जातं. पण आबांचं अर्धं आयुष्य तलाठी, मोजणी आणि तहसील यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेलं. त्यांच्या अनुभवात ज्या कचेरीनं कागद ठेवून घेतला आणि पोच दिली, तिथलं काम झालंच म्हणून समजायचं. अवघड असतं ते कागद घ्यायला लावणं. इथे तर कागद घेऊन वर आभार मानले होते! आबांना आजवर कुठल्याच कचेरीनं धन्यवाद दिले नव्हते. ते कार्ड खिशात घालून तडक पुतण्याच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची ऑफिसची बस चौकात अडकली. ती रोजच अडकते. शेजारची खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अगं, ही तूच ना?”

मीच होते. बारा फूट बाय आठ फूट. लग्नातला फोटो, नथ घातलेला, मागे उगवता सूर्य आणि एक भलंमोठं पेन. ‘आमच्या सूनबाई, सुप्रसिद्ध लेखिका, यांची कथा मासिकात प्रसिद्ध झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे चौदा गोल, त्यात मधोमध फेटा बांधलेले आबा आणि कडेला एक भावी सरपंच. बस वीस मिनिटं हलली नाही. मागच्या सीटवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मी ओढणीत तोंड लपवून बसले.

घरी गेले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते, माझी वाट बघत. तोंडभर हसू. “पाह्यलास का?”

मी नको ते बोलले. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? ती नुसती पोच आहे, आबा. अजून कुणी वाचलेलीही नाही. उद्या नाही म्हणाले तर मी कुठे तोंड दाखवू? तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं. आबांचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. “मला वाटलं, घेतली म्हंजी झालं,” एवढंच म्हणाले. सकाळी मी उठायच्या आत चौकात जाऊन त्यांनी स्वतः तो फ्लेक्स उतरवला आणि घडी घालून सरपणावर टाकला, छापील बाजू खाली करून. मी माफी मागायला हवी होती. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. चहा जरा गोड करून दिला, बस्स.

पण गाव विसरत नाही. दुधवाला, पिठाच्या गिरणीवाला, देवळातली म्हातारी माणसं, सगळे आबांना विचारायचे, “कवा येतंय वो मासिक?” आणि आबा सांगायचे, “येनार हाय. येळ लागतो त्याला.” मी ते खिडकीतून ऐकायचे. आता ती गोष्ट छापून येणं माझ्या हौसेपुरतं राहिलं नव्हतं. माझ्या भरवशावर आबा रोज चार लोकांना शब्द देत होते.

अडीच महिन्यांनी पाकीट आलं, जाडसर. हातात घेतल्यावरच कळलं, गोष्ट परत आली आहे. सोबत संपादकांचं हातानं लिहिलेलं पत्र होतं. भाषा स्वच्छ आहे असं लिहून पुढे म्हटलं होतं: ‘परंतु या कथेतली बाई आम्हाला भेटली नाही. ती राबते, सोसते, आणि दीड पानात एकदाही तोंड उघडत नाही. आपण तिला पाहिलेलं नसावं, असं वाटलं. चूक असल्यास क्षमा असावी. तिला ओळखणारं कुणी असेल तर विचारा आणि पुन्हा लिहा. आम्ही वाचू.’

मी ते पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आधी राग राग केला. अनोळखी माणसाला इतक्या लांबून माझी चोरी कशी काय दिसली, म्हणून. शनिवारी ग्रंथपालांना सांगितलं, “परत आली.”

“अभिनंदन,” ते म्हणाले. “म्हणजे वाचली.” आणि पत्र मागून घेतलं. दोनदा वाचलं. मग कधी नव्हे ते चष्मा काढून म्हणाले, “अहो, इतकं कुणी लिहीत नाही हल्ली नकार देताना. घरी जा आणि विचारा ज्यांना विचारायचं त्यांना.”

रविवारी सकाळी आबा ओट्यावर ऊन खात बसले होते. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं, “आबा, नाही म्हणाले ते.”

मला वाटलं, ते दुखावतील किंवा गप्प होतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “तुरटी काय काढली?”

“काय?”

“अर्ज माघारी येतो, तवा कागुद लावत्यात ना संगं. काय कमी हाय ते. ती पुरी करायची आन् परत द्यायचं. माझा सात-बारा पाच डाव माघारी आला व्हता. तुझा एकच डाव आलाय. वाच.”

आता त्रुटी वाचायची तर आधी गोष्ट वाचायला हवी. आणि गोष्ट कुणावर आहे हे आबांना माहीत नव्हतं. ज्या माणसानं माझ्यासमोर एकदाही बायकोचा विषय काढला नव्हता, त्याला मी न विचारता, त्याच्याच बायकोवर लिहिलेलं वाचून दाखवणार होते. पण फ्लेक्सच्या दिवशी ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणाले होते, त्याची भरपाई करायची असेल तर हीच वेळ होती. मी वाचायला लागले.

दुसऱ्याच परिच्छेदात त्यांना कळलं. भाजीची पाटी आली तिथे त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. गोष्ट संपली. संपादकांचं पत्रही वाचलं. समोरच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसेस जात होत्या, रविवारी असतात तेवढ्या.

“बराबर लिवलंय त्या मानसानं,” आबा शेवटी म्हणाले. “ही तू लिवलीस ती शेवटच्या पाच म्हयन्यातली हाय. लकवा मारला, वाचा गेली, तवाची. नुसती बघायची माझ्याकडं. त्याच्या आधीची कुठं गेली?”

सासूबाई शेवटी आजारी होत्या एवढंच मला माहीत होतं, लकव्यानं त्यांची वाचा गेली होती हे कुणी सांगितलं नव्हतं.

“लई बोलायची गं ती,” आबा म्हणाले. “म्हशीशी बोलायची, चुलीशी बोलायची, माझ्याशी तर भांडायचीच. मोजणीवाले आले, रानात खुट्या मारून गेले, तर हिनं सकाळी समद्या उपटल्या आन् शेरडं बांधली त्यांना. साहेब म्हनला, बाई, हे सरकारी हाय. तर म्हनली, शेरडं बी घेऊन जा मंग सरकारात.” आबा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. “मला बी तीच दिसती, तू लिवलीस ती. गप्प पडल्याली. डोळं मिटलं का तीच. म्हनून मी कवा इषय काढत नाय. बारा वर्सं झाली, एक शबूद नाय बोलली माझ्यासंगं. तू तिला बोलू दे गं तुझ्या गोष्टीत.”

मी त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात धरायची आमच्याकडे पद्धत नाही, माझ्या माहेरीही नाही. पण धरला, आणि त्यांनी धरू दिला. फ्लेक्सच्या दिवसाची माफीही मी तेव्हाच मागितली. ते म्हणाले, “फोटो मातर चांगला आला व्हता तुझा.”

मग पुढचे दोन-तीन महिने आमचं कामच सुरू झालं. ऑफिसातून आले की चहा घेऊन ओट्यावर बसायचं. आबांना रोज काहीतरी आठवलेलं असायचं. दिवसभर ते धरून ठेवायचे आणि मी चप्पल काढायच्या आत सांगायला सुरुवात करायचे. कधी ती जत्रेत हरवली आणि उलट आबांनाच हरवल्याबद्दल झापलं ते. कधी मीठ जास्त पडलं म्हणून आबा बोलले, तर तिनं दोन दिवस अळणी कसं खाऊ घातलं ते. नवराही येऊन बसायला लागला. आईचं नाव निघालं की उठून जाणारा माणूस, एकदा म्हणाला, “मला ती हाक मारायची ना, ती शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू जायची.” आणि त्यानं ती हाक मारून दाखवली. मी लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याला इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं.

लिहिताना मात्र जीव गेला. सांगितलेलं सगळं दीड पानात मावत नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. शेवटी सगळं सोडून एकच दुपार ठेवली, बांधावरची. ती बोलते, आणि तिचा नवरा काम करत राहतो. पाकीट पोस्टात टाकलं तेव्हा या वेळी आबा बरोबर आले होते. पोचेचं कार्ड आलं, ते त्यांनी मला न बोलता दिलं आणि फ्लेक्सच्या दुकानाच्या दिशेनं पाहिलंही नाही. नंतर स्वीकारल्याचं पत्र आलं. तेही आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

अंक आला त्या दिवशी मी घरी पोचले तर आबा ओट्यावर बसले होते. शेजारी पाकीट, न फोडलेलं. ते त्यांनी दुपारपासून तसंच ठेवलं होतं. “तूच फोड,” म्हणाले. मी फोडलं. शेवटून सहाव्या पानावर माझं नाव होतं, लहान अक्षरात. मी त्या नावावरून बोट फिरवलं, तेवढंच. आबांना अक्षर बारीक पडत होतं. म्हणाले, “वाच.” आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसले.

मी वाचायला लागले. दुपारची वेळ, ऊन, बांध. बाई डोक्यावरची पाटी उतरवते, कमरेवर हात ठेवते आणि रानाकडे तोंड करून ओरडते. ते वाक्य मी जरा मोठ्यानं वाचलं, तिनं म्हटलं असतं तसं.

“अवो, भाकर गार झाली! येताय का मी आन् म्हस दोघीच जेवू?”

“आलो, आलो,” आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते, आणि त्यांचा हात उठण्यासाठी गुडघ्यावर गेला होता.